मंद आचेवरची कॉफी

शेगडीवर कॉफी करायच्या मोका पॉटबद्दल बहुतेक घरांत एकच तक्रार ऐकू येते: कॉफी कडू होते, कधीकधी चक्क जळकी लागते. हौसेनं आणलेलं भांडं चार-दोन वेळा शेगडीवर चढतं आणि मग ओट्याखाली, मिक्सरच्या जास्तीच्या भांड्यांशेजारी जाऊन बसतं. पुन्हा इन्स्टंटचा डबा उघडला जातो. या भांड्यावर हा अन्याय आहे. मोकाची कॉफी बिघडते ती जवळजवळ नेहमी दोन कारणांनी. एक म्हणजे आच फार मोठी असते. दुसरं म्हणजे मोकाकडून लोक एस्प्रेसोची अपेक्षा करतात. हे दुसरं कारण समजायला थोडं इतिहासात जावं लागतं.

इटलीच्या उत्तरेला, पिएमोंते प्रांतात, ओर्ता सरोवराच्या काठी ओमेन्या नावाचं गाव आहे. त्याच गावाचा भाग असलेल्या क्रुसिनाल्लोमध्ये अल्फोन्सो बियालेत्ती याचं धातुकामाचं वर्कशॉप होतं. फ्रान्समध्ये काही वर्षं राहून तो अॅल्युमिनियमच्या ओतकामात तयार झाला होता आणि पहिल्या महायुद्धानंतर गावी परतला होता. १९३३ साली त्याच्या वर्कशॉपमधून ‘मोका एक्सप्रेस’ बाहेर पडली. तिच्या घडणीचं श्रेय लुइजी दे पोंती याच्याकडेही जातं. त्या काळी बायका कपडे उकळायला जे भांडं वापरत, त्यात तळाचं साबणपाणी मधल्या नळीतून वर चढून कपड्यांवर पडे. ते पाहून बियालेत्तीला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. नाव मात्र येमेनच्या मोखा बंदराचं. शतकानुशतकं जगाची कॉफी तिथून जहाजांवर चढत होती, आणि बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावलेल्या सात बियाही तिथल्याच, अशी आपल्याकडची परंपरा आहे.

अॅल्युमिनियम निवडण्यामागेही काळाचा हात होता. मुसोलिनीच्या राजवटीत स्वयंपूर्णतेचा डंका वाजत होता आणि बॉक्साइट इटलीत मिळत होतं, त्यामुळे या हलक्या, चकचकीत धातूला जवळजवळ राष्ट्रीय धातूचा मान मिळाला. पण कॉफी काही इटलीत पिकत नव्हती. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत बियालेत्तीचा माल आसपासच्या बाजारांत आणि जत्रांतच खपला.

मोकाआधी घराघरांत चालायची ती नापोलितानाची कॉफी. हे उलटं करायचं भांडं १८१९ साली मोरीझ नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं काढलं, पण ते रुजलं नेपल्समध्ये. पाणी उकळलं की भांडं शेगडीवरून उतरवायचं, उलटं करायचं आणि पाणी आपल्या वजनानं थेंबथेंब गळण्याची वाट पाहायची. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९४६ सालच्या ‘क्वेस्ती फान्तास्मी’ या नाटकात नायक गॅलरीत बसून समोरच्या घरातल्या प्राध्यापकाला अशी कॉफी कशी करायची ते समजावून सांगतो. तोटीवर कागदाची छोटी पुंगळी बसवायची, म्हणजे गळेपर्यंत वास उडून जात नाही, हे त्याचं गुपित. एका पात्राला पूर्ण प्रवेश कॉफीच्या कृतीवर मिळावा, इतकी ही गोष्ट तिथे महत्त्वाची होती. मोकानं या वाट पाहण्याला कात्री लावली. पाच-सात मिनिटांत कॉफी तयार, आणि भांडं उलटं करताना हात भाजायची भीती नाही.

आता एस्प्रेसोकडे. घरातही बारसारखीच एस्प्रेसो मिळेल, असं बियालेत्ती आपल्या भांड्याबद्दल सांगत असे. आज ते अतिशयोक्तीचं वाटतं, पण १९३३ साली तसं नव्हतं. तोरिनोच्या आंजेलो मोरिओन्दो यांचं १८८४ सालचं यंत्र आणि मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांचं १९०१ सालचं यंत्र, दोन्ही वाफेच्या दाबावर चालत. बारमधल्या त्या उंच, पितळी यंत्रांतही दाब ‘बार’ या एककात दीड-दोनच्या आसपास असे. मोकातला दाब त्याहून फार कमी नव्हता. चित्र बदललं ते आकिल्ले गाज्जाच्या यंत्रांनी. १९३८ च्या पेटंटनंतर आणि युद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, त्याची लिव्हरची यंत्रं बारमध्ये आली. वाफेऐवजी स्प्रिंगच्या जोरानं पाणी ढकललं जाऊ लागलं, दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कपात वर सोनेरी फेस दिसू लागला. एस्प्रेसो शब्दाचा अर्थच त्यानंतर पालटला. मोका होती तिथेच राहिली आणि तिला नव्या मापानं कमी गुण मिळू लागले.

दाबाचा हा फरक चवीत स्पष्ट उतरतो. एस्प्रेसो दाट, तेलकट असते. मोकाची कॉफी तिच्याहून पातळ, पण कागदातून गाळलेल्या कॉफीहून बरीच गडद असते. तिची तुलना दक्षिणेतल्या डिकॉक्शनशी करणं जास्त न्यायाचं आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या दृष्टीनं तीच तुलना कामाचीही आहे.

मोका जगभर नेली ती अल्फोन्सोचा मुलगा रेनातो यानं. युद्धानंतर, १९४६ साली, धंदा त्याच्या हाती आला. बाकीची भांडी बाजूला ठेवून त्यानं सगळा भर एका वस्तूवर दिला आणि मिलानच्या जत्रेच्या दिवसांत शहर जाहिरातींनी भरून टाकलं. पॉल काम्पानी यांनी काढलेला मिशाळ, बोट वर केलेला माणूस १९५३ च्या सुमारास या भांड्याची खूण झाला आणि पुढे दूरचित्रवाणीमुळे इटलीतल्या पोराटोरांच्या ओळखीचा झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये रेनातो वारला, तेव्हा त्याची रक्षा मोकाच्याच आकाराच्या मोठ्या कलशात ठेवली गेली. भांड्याचा अष्टकोनी घाट मात्र जवळजवळ तसाच आहे, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही तो पोचला आहे. ओमेन्यातच असलेल्या आलेस्सी कंपनीचे आल्बेर्तो आलेस्सी हे आईकडून अल्फोन्सो बियालेत्तीचे नातू. त्यांनी रिचर्ड सॅपर, आल्दो रोस्सी यांच्यासारख्या नामवंतांकडून मोकाची नवी रूपं करून घेतली. सॅपरचं १९७९ चं स्टीलचं भांडं फिरवून न आवळता खटक्यानं बंद होतं. रूपं बदलली तरी आतली क्रिया तीच राहिली.

ती क्रिया पाहण्यासारखी आहे. भांड्याचे तीन भाग: खाली पाण्याची टाकी, मधे पावडरीची वाटी आणि तिच्या खाली लोंबणारी नळी, वर तयार कॉफीचं भांडं. टाकीत पाण्यावर थोडी हवा कोंडलेली असते. भांडं तापलं की ही हवा पसरू पाहते आणि पाण्याची वाफही तिच्यात भर घालते. २० अंशांवर कोंडलेली हवा ७० अंशांना पोचली की तिचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. त्याच तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या जवळजवळ एकतृतीयांश असतो. दोन्ही मिळून पाण्याला नळीतून वर ढकलायला एवढं पुरतं. म्हणजे नीट केलेल्या मोकात पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी वर चढू लागतं. मोका उकळत्या पाण्यावर चालते हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये २००७ आणि २००८ साली या भांड्यावर दोन निबंध आले. पहिला कोंचेत्तो जानीनो यांचा, दुसरा वॉरन किंग यांचा. जानीनो यांनी कॉफीच्या थरातून वाहणाऱ्या पाण्याला दार्सीचा नियम लावून पाहिला. फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा हा नियम मांडला होता. थर जितका घट्ट आणि बारीक, तितका प्रवाह मंद आणि तितका जास्त दाब हवा. पावडर दाबून का भरू नये याचं उत्तर याच नियमात आहे. एस्प्रेसोच्या यंत्राला नऊ बारचा जोर असतो म्हणून तिथे दाबलेली पावडर चालते. मोकाजवळ तेवढा जोर नाही. पावडर दाबली की पाणी अडतं, तापमान चढत राहतं आणि कॉफी जळते.

सगळ्यात नाजूक क्षण शेवटचा. टाकीतलं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलं की पाण्याऐवजी वाफ वर घुसते आणि फुरफुर सुरू होते. इल्ली या कॉफी कंपनीच्या संशोधकांनी २००९ साली या प्रक्रियेची मापं घेतली. स्त्रोम्बोली ज्वालामुखीवरून या टप्प्याला ‘स्त्रोम्बोलियन’ म्हणतात. तोवर पावडरीतलं चांगलं ते सारं निघून गेलेलं असतं. शंभर अंशांपलीकडची वाफ आता उरलेला कडू, तुरट अंश ओढून आणते. मोकाच्या बदनामीचा मोठा वाटा या अर्ध्या मिनिटाचा आहे. टाकीत तळाशी थोडं पाणी उरलेलं पाहून अनेकांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, आणि तेवढं संपेपर्यंत ते भांडं आचेवर ठेवतात. नळी तळाला टेकत नाही, त्यामुळे तेवढं पाणी उरणारच. ते संपवायला जाणं म्हणजे कॉफी जाळणं.

तीन कपांच्या भांड्यात नीट कॉफी अशी होते. पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे मिलिलिटर. वाटीत पंधरा-सोळा ग्रॅम पावडर, काठोकाठ, बोटानं नुसती सपाट केलेली. काठावर सांडलेले कण पुसून घ्यायचे, नाहीतर रबरी रिंग नीट बसत नाही आणि सांध्यातून वाफ निघते. झाकण उघडं, आच मंद, ज्योत तळाच्या बाहेर न जाणारी. वरच्या भांड्यातल्या मधल्या दांडीच्या तोंडाशी आधी काळपट कॉफी हळूहळू पाझरते, मग धार तपकिरी होते, पुढे पिवळसर आणि फेसाळ होऊ लागते. तिथेच गॅस बंद करून भांड्याचा तळ नळाच्या धारेखाली धरायचा. टाकी निवते, दाब पडतो आणि फुरफुर सुरू होण्याआधीच सगळं थांबतं. ओतण्यापूर्वी चमच्यानं एकदा ढवळायचं, कारण आधी आलेली कॉफी जास्त कडक असते आणि ती खाली बसलेली असते.

भारतीय शेगडीवर एक जास्तीची अडचण येते. जाळीच्या दांड्यांमधलं अंतर मोठ्या पातेल्यांसाठी केलेलं असतं, त्यामुळे छोटी मोका कलते किंवा मधेच अडकते. पापड भाजायची जाळी मधे ठेवली की भांडं स्थिर बसतं, शिवाय ज्योतही थोडी पसरते. मोठ्या बर्नरवर ज्योत बाजूनं वर येऊन प्लॅस्टिकची मूठ वितळवते, म्हणून सर्वांत लहान बर्नर निवडावा. इंडक्शनवर अॅल्युमिनियमची मोका तापत नाही. त्यासाठी चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या तळाची मोका किंवा खाली ठेवायची लोखंडी चकती लागते.

गार पाणी की गरम, हा वाद गेल्या काही वर्षांत बराच रंगला आहे. बियालेत्तीच्या सूचनेत साधं, गार पाणी आहे. इंग्लंडचे कॉफीतज्ज्ञ जेम्स हॉफमन यांनी आधी तापवलेलं पाणी घालायची पद्धत लोकप्रिय केली. भांडं आचेवर जितका कमी वेळ, तितकी कोरडी पावडर कमी भाजते, असा तिचा मुद्दा. पण वरचं दाबाचं गणित दुसरी बाजूही दाखवतं. गरम पाणी घालून झाकण आवळलं तर आतली हवा आधीच तापलेली असते, पुढे तिचा दाब फारसा वाढत नाही, आणि पाणी वर चढायला जास्त तापमान लागतं. म्हणजे गरम पाण्यानं कॉफी जास्त तापमानाला उतरते. फिकट भाजणीच्या बियांना त्याचा फायदा होतो, कारण त्यांच्यातला अर्क सहज निघत नाही. गडद भाजणीला गार पाणीच बरं. दोन्ही पक्ष आपापल्या बियांपुरते बरोबर आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पावडरी गडद असल्यामुळे आपल्याकडे गार पाण्याचा पक्ष जास्त वेळा जिंकेल. शिवाय तापलेली टाकी फडक्यानं धरून आवळताना हात भाजतो, हेही आहेच.

मोका साबणानं धुवायची नाही, जुन्या कॉफीचा थर चवीला मदत करतो, हा इटलीतला जुना समज. तो मानण्याचं काही कारण नाही. कॉफीतलं तेल काही दिवसांत खवट होतं आणि तो खवटपणा पुढच्या प्रत्येक कपात येतो. सौम्य साबणानं हातानं धुवावं, लगेच पुसावं आणि तिन्ही भाग सुटे ठेवावेत. डिशवॉशर मात्र अजिबात नको. त्यातला तीव्र क्षार अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाऊन टाकतो आणि भांडं काळं पडतं.

यातूनच अॅल्युमिनियमच्या भीतीचा प्रश्न येतो. चिंच किंवा ताक अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये हे आपल्याकडच्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, आणि कॉफीही किंचित आम्ल असते. पण ती भांड्यात काही मिनिटंच असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २००८ साली आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. मोकातून कॉफीत येणारं अॅल्युमिनियम हा त्या मर्यादेचा लहानसा भाग असतो. अॅल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो हेही सिद्ध झालेलं नाही. तरी मनात शंका राहत असेल तर स्टीलची मोका घ्यावी. चवीत मोठा फरक पडत नाही, किमतीत पडतो. खरी काळजी घ्यायची ती सेफ्टी व्हॉल्व्हची. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत त्यावर क्षार साचतात. पिठासारखी पावडर, वरून दाबलेली, आणि त्यात बंद पडलेला व्हॉल्व्ह अशी गाठ पडली तर भांडं फुटू शकतं. कुकरच्या व्हॉल्व्हइतकंच लक्ष याच्याकडे द्यायला हवं.

शेगडीवरच्या इतर भांड्यांचा विचार करता परकोलेटर सगळ्यात मागे पडतो. आपल्याकडे मोकालाही अनेक जण परकोलेटर म्हणतात, पण परकोलेटरमध्ये तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा उकळून पावडरीवर पडते, आणि कडूपणा त्यातूनच येतो. तुर्की कॉफीची गोष्ट निराळी. लांब दांड्याच्या चिमुकल्या भांड्यात पिठासारखी पावडर पाण्याबरोबरच तापते आणि गाळ कपात उतरतो. तिला स्वतःची परंपरा आणि २०१३ पासून युनेस्कोची मान्यता आहे. दक्षिणेतला पितळी किंवा स्टीलचा फिल्टर खाली आच नसल्यामुळे कॉफी कधीच जाळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण डिकॉक्शन गळायला वेळ लागतो आणि तोवर ते कोमट होतं. घाईच्या सकाळी मोका सरस आणि निवांत वेळी फिल्टर, असा कौल देता येईल.

महाराष्ट्रात कॉफी आली ती दुधातून. दूध, साखर, कॉफी एकत्र उकळायची आणि वरून जायफळ किसायचं, ही मराठी घरातली कॉफी. परीक्षेच्या रात्री ती होते, उपवासाला चालते. मुंबईत पोलसनची ‘फ्रेंच कॉफी’ लोण्याच्याही आधीची, आणि तिच्यात चिकोरी होती. ती चव इथे इतकी मुरली की चिकोरीविना कॉफी अनेकांना फिकी वाटते. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी लागते. म्हणजे जवळजवळ निम्मी पुडी चिकोरीची असू शकते. फिल्टरमध्ये ती चालते. मोकात मात्र ती अडचण करते. चिकोरीतला बराच भाग पाण्यात विरघळतो, ओला थर चिकट होतो आणि प्रवाह अडतो. मोकासाठी चिकोरीची पुडी घेणाऱ्यांची कॉफी बिघडण्यामागे हे एक कारण असतं, आणि त्याबद्दल कुणी त्यांना सांगत नाही. चिकोरीची सवयच असेल तर ती अगदी थोडी असलेली पावडर घ्यावी. जायफळही वाटीत घालू नये, त्याचा वास रबरी रिंगेत मुरतो. ते दुधात किसावं. तीन कपांच्या मोकातून निघणारी कॉफी दोन कप गरम दुधाला पुरते, आणि ही दुधाची कॉफी इन्स्टंटच्या कॉफीहून कितीतरी खोल चवीची होते.

पावडरीसाठी परदेशी डब्यांकडे पाहायची गरज नाही. भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक कित्येक वर्षं इटलीच आहे. इथे पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा जातीची असते आणि इटालियन मिश्रणांना अंग येतं ते अशाच रोबस्टामुळे. मलबारच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली ‘मॉन्सून्ड मलबार’ आम्लता कमी असल्यानं मोकाला विशेष मानवते. महाराष्ट्रातही मेळघाटातल्या चिखलदऱ्याला थोडी कॉफी पिकते. माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणाऱ्या दुकानांत प्लांटेशन ए, पीबेरी, रोबस्टा अशी नावं असतात. तिथे तीन भाग प्लांटेशन आणि एक भाग रोबस्टा, मध्यम भाजणी, चिकोरीशिवाय, असं सांगावं. दळण एस्प्रेसोपेक्षा जाड हवं, बोटांत चोळल्यावर कण जाणवायला हवेत. पुडी पंधरा दिवसांत संपेल एवढीच घ्यावी.

भांड्याचं माप मात्र आधी ठरवावं. मोकाचा ‘कप’ जेमतेम पन्नास मिलिलिटरचा असतो, म्हणून सहा कपांची मोका म्हणजे आपल्या मापानं दुधाची तीन-चार जणांची कॉफी. आणि वाटी अर्धी भरून काम भागत नाही, कारण सैल थरातून पाणी भसकन निघून जातं आणि कॉफी पाणचट होते. दोघांच्या घरात तीन कपांचंच भांडं घ्यावं, पाहुणे आले तर ते दोनदा चढवावं, आणि रबरी रिंग कडक झाली की त्याच मापाची नवी आणून बसवावी.